आमच्या घरची फ्रेंच फौज

आमच्या घरात फ्रान्सची फौज होती, हे मी सासरी कित्येक वर्षं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी कोणी खरं मानलं नसतं. आंधळगावातल्या कोसा, म्हणजे रानरेशीम, विणणाऱ्यांच्या घरात फ्रान्सची फौज कुठून येणार? पण होती. बोटाच्या दोन पेरांएवढी शिशाची माणसं, खाकी रंग दिलेली, एका लोखंडी पेटीत चिंध्यांमध्ये गुंडाळून ठेवलेली. त्यांच्यातल्या अर्ध्यांच्या गळ्यात कोशाच्या मूळ भुऱ्या रंगाचा धागा बांधलेला असे आणि अर्ध्यांच्या गळ्यात लाल रंगवलेला. धागा सोडला तर दोघांत काही फरक नव्हता. टोपी तीच, कोट तोच, बंदूक तीच. आणि ती फौज आपसांतच लढायची.

घर मोठं होतं, म्हणजे माणसांनी मोठं होतं. माझे बाबा वासुदेव आणि त्यांचे थोरले भाऊ शामराव, ज्यांना मी मोठेबाबा म्हणायची. मोठीआई, माझी आई, मोठेबाबांचा मुलगा मनोहर, मी, आणि माझ्या पाठची दोन लहान. पुढच्या पडवीत चार खड्डामाग होते, जमिनीत खड्डा करून पाय आत सोडून बसायचे. सकाळी अंगण झाडून होत नाही तोच पहिला धोटा फिरायला लागे. बाबांच्या मागाचा आवाज सरळ, एकसारखा. मोठेबाबांचा दर थोड्या वेळानं थांबणारा, कारण ते विणता विणता बोलायचे आणि बोलायचं तर हात थांबवूनच. मागच्या अंगणात मोठीआई चुलीवर कोसे उकळायची. त्या उकळत्या कोशांचा वास नवीन माणसाला सहन होत नाही. मला मात्र आजही कुठं तसा वास आला की भूक लागते, कारण तो वास आला की थोड्या वेळानं त्याच चुलीवर तवा चढायचा. बायका मांडी उघडी टाकून बसायच्या, मांडीवर सूत वळायच्या, आणि लाखोळीच्या डाळीचे वडे तळून होईपर्यंत कोण कोणाकडे काय म्हणालं याचा सगळा हिशेब होऊन जायचा. सगळे एका पंगतीत जेवायचे. भात एका भांड्यातून वाढला जायचा आणि झिंग्यांची चटणी कोणाला जास्त गेली यावरून मनोहरचं आणि माझं भांडण व्हायचं.

फौज होती फौजीआबांची. ते माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नव्हतं. मोठ्या लढाईत ते इंग्रजांच्या पलटणीबरोबर स्ट्रेचर उचलायला म्हणून समुद्रापार गेले होते आणि सीरिया नावाच्या मुलखात जाऊन आले होते. तिथं त्यांनी जे पाहिलं ते त्यांच्या डोक्यातून कधी गेलं नाही. जर्मनीनं फ्रान्स जिंकल्यावर तिथलं एका म्हाताऱ्या सेनापतीचं सरकार शरण गेलं, पण त्यांचे काही शिपाई शरण न जाता इंग्रजांकडे आले. सीरिया होता शरण गेलेल्या सरकारच्या ताब्यात. तो घ्यायला इंग्रज निघाले, सोबत आपले हिंदी शिपाई, आणि सोबत हे न वाकलेले फ्रेंच. समोर कोण, तर तेही फ्रेंचच.

"आमी दोघाइलेही उचलत होतो," आबा सांगायचे. "एका तंबूत दोन खाटा. इकडचा फ्रेंच, तिकडचा फ्रेंच. एकच भाषा. एक पाणी मांगे, तं दुसरा तोंड फिरवे. मी इचारलं तिथल्या डॉक्टरले, हे दुश्मन कसे झाले जी? तो म्हणे, दोघंही आपलंच घर वाचवून राहिले, म्हणून."

कावीळ होऊन ते तिकडच्याच एका दवाखान्यात बरेच दिवस पडून होते. तिथं गोरे शिपाई वेळ जावा म्हणून वाळूच्या पाटावर शिशाची माणसं मांडून लढाई खेळायचे. फासा टाकायचा, दोरीनं अंतर मोजायचं, गोळी लागली की नाही ते फाशावर ठरायचं. आबा बघत बसले, मग खेळायला लागले, आणि घरी आल्यावर त्यांनी आपली फौज ओतली. ढिवरांकडून जाळ्याची जुनी शिशाची वजनं आणली, तळ्याच्या चिकणमातीचे साचे केले. गोऱ्यांच्या खेळात इंग्रज आणि जर्मन असत. आबांनी एकही जर्मन केला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तो मी पाहिलाच नाही. जे पाहिलं तेच केलं."

या खेळात पहिल्यांदा तयार झाले ते माझे बाबा आणि मोठेबाबा. तेव्हा दोघंही पोरगेले होते. आबांच्या खोलीत एक मोठं तखत होतं, त्याला चारी बाजूंनी फळ्या ठोकून आत नदीची वाळू भरलेली. वाळूचे डोंगर, वाळूचा नाला, काड्यांचा पूल. चिंचेच्या पाल्याची झाडं, ती दर खेळाला ताजी. दोघं भाऊ जेवण विसरून खेळायचे असं मोठीआई सांगायची. ती लग्न होऊन आली तेव्हाही हे चालूच होतं. पुढं मागांवर बसल्यावर त्यांचा खेळ सुटला आणि तखताभोवती मनोहर आणि मी आलो. मी मनोहरपेक्षा एका वर्षानं मोठी. मुलगी असून हे काय खेळते, असं शेजारी म्हणायचे. आबा म्हणायचे, "इले डोंगर दिसते. मनोहरले फक्त रस्ता दिसते." खरंच होतं ते. मनोहर रस्त्यानं सरळ यायचा आणि मी वरून त्याची टोळी कापायची.

सगळ्या खेळात एक नियम आबांचा स्वतःचा होता. लाल आणि भुऱ्या टोळ्या एकमेकींच्या एका वितीच्या आत आल्या की गोळी झाडायच्या आधी कोणतीही बाजू आपला एक माणूस पांढरा धागा बांधून पुढे ठेवू शकायची. याला आबा 'हाक' म्हणायचे. समोरच्यानं ठरवायचं, हाक ऐकायची की 'मार' म्हणून माणूस पाडायचा. ऐकली तर फासा पडायचा, आणि दान चांगलं पडलं तर समोरची टोळी लढाई सोडून आपल्याकडे यायची. नाहीतर दोन्ही टोळ्या न लढता एकेक वीत मागे. मारला तर मारला. मग त्या डावात पुन्हा हाक नाही. असं तिकडं खरंच झालं होतं म्हणे. पांढरं निशाण घेऊन आपल्याच देशाच्या माणसांशी बोलायला गेलेल्यांवर गोळ्या सुटल्या होत्या. आबांनी ते स्वतः पाहिलं नव्हतं, पण ज्यांना उचललं त्यांच्याकडून ऐकलं होतं.

माझा नातू नागपूरला शिकतो. तो आणि त्याचे मित्र दर रविवारी एकाच्या घरी जमून असंच खेळतात. त्यांची माणसं बाहेरून येतात, इतकी बारीक रंगवलेली की मिशीसुद्धा दिसते. मी एकदा त्याला आबांचा हा नियम सांगितला. तो म्हणाला, "आजी, असा नियम ठेवला तर लढाई होणारच नाही ना." मी म्हटलं, व्हायची रे, बहुतेक वेळा व्हायचीच.

आता त्या वर्षाकडे येते. बाजारात तेव्हा चकचकीत नकली रेशीम आलं होतं. मोठेबाबांनी ठरवलं की आडव्या धाग्यात ते घालायचं. साडी हलकी होते, चमकते, गिऱ्हाईक खूश असतं, आणि सगळेच घालून राहिले आहेत. बाबांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की घालायचं असेल तर घाला, पण मग त्याला कोसा म्हणू नका. महिनाभर दोघं मागावर बसून एकमेकांशी मोजकं बोलत होते. मग एक दिवस नागपूरचा व्यापारी आला. पडवीत साड्या उलगडल्या, गावातली चार माणसं बसलेली. व्यापाऱ्यानं पदर हातात घेऊन विचारलं, "पूरा कोसा है ना?" मोठेबाबा हो म्हणाले. आणि बाबा आपल्या मागावरून, हात न थांबवता म्हणाले, "अर्धा हाये."

बस. एवढंच. व्यापारी हसला, गावातले खाली बघायला लागले. मोठेबाबांनी साड्या स्वतःच्या हातानं घडी करून आत नेल्या. संध्याकाळी मोठीआईनं दुसरी चूल मांडली. ती रडत मांडत होती आणि माझी आई तिला विटा उचलून देत होती. दोघींचं काहीच बिनसलं नव्हतं, पण चूल तर वेगळी झाली. मग माग वाटले गेले, दोन इकडे, दोन तिकडे. मनोहर शाळेत माझ्याशी बोलायचा आणि घराच्या वळणावर आला की पुढे निघून जायचा. अंगणात मधोमध भिंत घालायची असं मोठेबाबांनी जाहीर केलं. फक्त आबांची खोली कोणाच्याच वाट्याला गेली नव्हती. ते असेपर्यंत ती त्यांची.

आबांनी भांडणात तोंड घातलं नाही. ते फक्त एकदा मोठेबाबांकडे गेले आणि एकदा बाबांकडे, आणि दोघांना एकच म्हणाले, "भिंत बांधा. मी आडवा येत नाही. पण बांधायच्या आधी माह्या खोलीत एक डाव खेळून घ्या. मी म्हातारा झालो, मले पाहायचं हाये." त्यांना नाही म्हणणं दोघांपैकी कोणालाच शक्य नव्हतं. दोघं लहान असताना त्यांची आई गेली, तेव्हापासून त्यांना आबांनीच वाढवलं होतं.

अमावस्येला माग बंद असतात. त्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर आबांच्या खोलीत आम्ही जमलो. तखताच्या एका बाजूला मोठेबाबा आणि मनोहर, दुसरीकडे बाबा आणि मी. आबांनी वाळू रात्रीच भिजवून डोंगर केले होते. नाणं उडवलं. बाबांना लाल आले, म्हणजे शरण गेलेल्या सरकारची फौज, डोंगर राखायचा. मोठेबाबांना भुरे, डोंगराच्या पलीकडचं शहर घ्यायचं. सुरुवातीला कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मोठेबाबा बोलायचे ते मनोहरशी, "त्याइले सांग, आमची टोळी नाल्यात उतरली." बाबा बोलायचे ते माझ्याशी. आबा मध्ये बसून दोरीनं अंतर मोजत होते.

असं बराच वेळ चाललं. आणि मग मोठेबाबांनी एक टोळी नाल्यातून लपवत लपवत थेट आमच्या मागे आणली. मला ती दिसली नव्हती. बाबांनाही नाही. ते वाळूवर वाकले, पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हे तू मागंही केलतं दादा. तुह्या लग्नाच्या साली."

मोठेबाबा म्हणाले, "आन तू मागंही पाहिलं नव्हतं."

 मनोहरनं माझ्याकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत दोघं भाऊ एकमेकांशी थेट बोललेले हे पहिले शब्द होते. त्यानंतर डाव सैल झाला. बाबांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. मोठेबाबा एका गुडघ्यावर आले. "ते टोळी दोन वीत मागं हाये, सरकवू नको." "मी कायले सरकवू? दोरी लाव ना." "आबा, पाहा जी याचं." असं सुरू झालं. आवाज ऐकून आई आणि मोठीआई दाराशी येऊन उभ्या राहिल्या, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून. थोड्या वेळानं दोन्ही चुलींवरून चहा आला. आबांनी दोन्हीकडचा घेतला. मी बाबांकडे पाहत होते. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. एखाद्या पोरासारखा, खालचा ओठ दातात धरलेला. मला वाटलं, झालं, आता संध्याकाळी एक चूल विझेल.

डोंगराच्या पायथ्याशी दोन टोळ्या समोरासमोर आल्या. आबांनी वीत लावली. आत होत्या. मोठेबाबांनी हात आवरला. फासा उचलला नाही. पांढरा धागा घेतला, आपल्या एका माणसाच्या गळ्यात बांधला. बांधायला त्यांना वेळ लागला, बोटं जाड होती. मग तो माणूस दोन बोटांत धरून त्यांनी वाळूत पुढे ठेवला, आमच्या टोळीच्या अगदी जवळ. आणि वाळूकडे न बघता बाबांकडे बघून म्हणाले, "हाक देऊन राहिलो वासू."

बाबा वाळूकडेच बघत होते. त्यांच्या तोंडावर थोडं हसू आलं. ते मीही पाहिलं, मनोहरनंही पाहिलं. म्हणाले, "मार." आणि टिचकी मारून त्यांनी तो माणूस पाडला.

मोठेबाबा थोडा वेळ तसेच गुडघ्यावर राहिले. मग उठले, धोतराची वाळू झटकली, दारातून वाट करून बाहेर गेले आणि चपला घातल्या. तिथूनच म्हणाले, "मनोहर, चाल." मनोहर गेला. मोठीआई दारात उभी होती. तिनं आधी माझ्या आईकडे पाहिलं आणि मग ती त्यांच्यामागं गेली. बाबा अजूनही वाकलेलेच होते, एक हात वाळूत टेकवून. आबांनी दोरी गुंडाळली आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विटांची गाडी आली. भिंत पुरुषभर उंच झाली. आबा एक महिना इकडे जेवायचे आणि एक महिना तिकडे, आणि दोन्हीकडे जेवताना गप्प असायचे. ते तखताजवळ पुन्हा बसले नाहीत. भुरे त्यांनी मनोहरला दिले आणि लाल मला. अर्ध्या फौजेशी एकट्यानं काय खेळणार? माझे लाल कुठे गेले हे मला सांगता येत नाही. लग्न करून मी सानगडीला गेले तेव्हा पेटीत होते एवढं आठवतं. आबा गेले त्या वर्षी दोघा भावांनी तिरडीला पुढून खांदा दिला, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि नदीवरून वेगवेगळ्या वाटांनी घरी आले. मोठेबाबा पुढं आजारी पडले, महिनोन्महिने पडून होते. बाबांना सगळं कळत होतं. भिंतीपलीकडचा खोकला ऐकू यायचा. मोठेबाबा गेले तेव्हा बाबा तिरडीबरोबर सगळ्यांच्या मागं चालत गेले.

या सगळ्या वर्षांत मी धरून चालले होते की बाबांनी त्या दिवशी भावाला नाकारलं. सगळ्यांनीच तसं धरलं होतं. माझी आईही तसंच समजून गेली. बाबांना कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

ते शेवटी माझ्याकडे सानगडीला येऊन राहिले होते. कान गेले होते, बोलणं कमी झालं होतं. एका सकाळी ते अंगणात खाटेवर बसले होते, मी शेजारी वालाच्या शेंगा सोलत होते. गल्लीत दोन पोरं काड्यांच्या बंदुका करून एकमेकांना मारत होती. बाबा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "मले वाटलं दादा हासन."

मी विचारलं, "कवा जी?"

"मी मार म्हणलं तवा. लहानपणी तो हाक द्यायचा आन मी हमेशा मारायचो. दरवेळी. तो चिडायचा, माह्या डोक्यात टपली हाणायचा आन आमी दोघंही हासायचो. त्या दिवशी खेळता खेळता मी तं सारं इसरून गेलतो पोरी. भांडण, साड्या, सारं. मले वाटलं आता तो टपली मारन." त्यांनी डोकं थोडं पुढे केलं, तसं. "तो उठूनच गेला."

 मी म्हटलं, "मंग सांगितलं काहून नाही त्याइले?"

"जाणारच होतो. इचार केला, सकाळी जाऊ, जरा थंडा होईन. सकाळी पाहिलं तं विटांची गाडी उभी. मंग मलेही राग आला." मग म्हणाले, "तो राग राहूनच गेला."

त्यानंतर ते यावर पुन्हा बोलले नाहीत. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर ते गेले. मी लहान असताना त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू पाहिलं होतं, ते मी आयुष्यभर तुच्छतेचं समजत आले. आता डोळे मिटून ते पुन्हा पाहायचा प्रयत्न करते. खालचा ओठ दातात धरलेला होता. तुच्छतेनं हसणारा माणूस ओठ दातात धरत नाही. पण तेव्हा आम्ही सगळे त्या हसण्यात ज्याला जे हवं तेच बघत होतो.

मनोहर आता म्हातारा झाला आहे. माग केव्हाच बंद झाले, मुलगा भंडाऱ्याला दुकान चालवतो. मागच्या हिवाळ्यात एका लग्नात आम्ही भेटलो. जेवणं झाल्यावर मांडवाच्या कडेला खुर्च्या ओढून बसलो आणि मी त्याला बाबांचं बोलणं सांगितलं, जसंच्या तसं.  मांडवात गाणी वाजत होती, पोरं पळत होती. त्यानं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा लावला.

"माहे बाबा अखेरपर्यंत म्हणत, वासू एकदा आला असता तं मी दार लावलं नसतं," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "आता हे कोणाले सांगू ताई?"